ट्रॅक्टरला शपथ नव्हती

“एकबी भाग ओळखायचा रायला, तं हा ट्रॅक्टर इथून हलनार नाई,” शेषराव यावले म्हणाले आणि संत्र्याच्या झाडाखाली खाट ओढून आरामात बसले.

मी मोटारसायकल नुकतीच उभी केली होती. डोक्याचा रुमालही सोडला नव्हता. मला हसूच आलं. अहो, कोणाला सांगताय? अमरावतीत माझं जुन्या ट्रॅक्टरांच्या सुट्या भागांचं दुकान. हातात नुसता नट दिला तरी तो कोणत्या इंजिनाचा ते मी सांगायचो, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगायचोच. बायको म्हणायची, “तुम्हाला माझ्या भावांची नावं आठवत नाहीत, गिअरबॉक्सचे नंबर बरे आठवतात.” खोटं नव्हतं ते.

“काकाजी, चहा होईपर्यंत सगळे ओळखतो,” मी म्हटलं.

“पाहू,” म्हातारा म्हणाला.

ही वरूडजवळच्या एका मळ्यातली गोष्ट, मी पस्तिशीत होतो तेव्हाची. एका कृषी महाविद्यालयात जुन्या अवजारांचं दालन होणार होतं आणि दारातच हा ट्रॅक्टर ठेवायचा असं ठरलं होतं, कारण त्या भागात संत्र्याच्या बागेत शिरलेला हा पहिला ट्रॅक्टर. हा विलायतेतूनच बागेसाठी बनून आला की इथं कोणी त्याला बदललं, आणि कोणता भाग कशासाठी आहे, एवढं कोणी जाणकारानं पाहून सांगावं, असं तिथल्या प्राध्यापकांचं म्हणणं. जाणकार म्हणजे मी. दुपारून लॉरी येणार होती. दालनात लावायची पाटीसुद्धा रंगवून झाली होती, आणि ती मोटारसायकलच्या मागं बांधून मीच आणली होती, म्हाताऱ्याला दाखवायला. वाटलं, खूश होईल.

मी वाचून दाखवली. “संत्र्याच्या बागेत पहिला ट्रॅक्टर चालवणारे बागाईतदार, श्री. शेषराव यावले.”

म्हाताऱ्याचं तोंड कडू झालं. “चालवनारे? खोटी हाय थे पाटी. बांधा परत.”

“खोटी कशी? सारा तालुका हेच सांगतो.”

“तालुका सांगते. मी कधी सांगतलं?”

“मग खरं काय?”

“थे मले सांगता येत नाई.” त्यांनी ट्रॅक्टरकडं बोट केलं. “भाऊ, हा एकदा तिथं जाऊन बसला आन् वर माझं नाव लागलं, का खोटं पक्कं झालं. मंग कोनी पुसनार नाई. तुमी जानकार हाय म्हंते ना? पाहा मंग. नीट पाहा.”

एवढ्यात घरातून एक म्हातारी चहा घेऊन आली. ठेंगणी, सडपातळ, अंगावर नऊवारी लुगडं, कासोटा घट्ट मारलेला. ही गुंफाबाई, शेषरावांची वहिनी. ट्रॅक्टर घरी आला त्याच वर्षी हिचा नवरा तापानं गेला. पदरात एक लेक. तेव्हापासून दीर-भावजयीनं हा मळा सांभाळला. आता लेक परतवाड्याला नांदत होती, शेषरावांची बायको वारली होती, मुलगा नागपूरला नोकरीत होता, आणि मळ्यातल्या घरात हे दोघंच म्हातारे राहत होते.

“घ्या भाऊ, चहा घ्या,” ती मला म्हणाली. “आन् याईचं काई ऐकू नका. पाटी चांगली हाय. लॉरी आली का द्या धाडून एकडावचं.”

“वहिनी, तुमी घरात जा,” शेषराव म्हणाले.

“मी काऊन जाऊ? मी संत्री निवडून रायली.” आणि ती खरंच तिथंच टोपली घेऊन बसली.

मी चहा ठेवला तसाच आणि ट्रॅक्टरपाशी गेलो. आणि राजेहो, खरं सांगतो, दोनदा त्याच्याभोवती फिरलो.

पेट्रोलवर सुरू करायचा आणि तापला की रॉकेलवर चालवायचा, अशा जातीचा तो राखाडी विलायती ट्रॅक्टर. तसे मी पुष्कळ पाहिले होते, पण हा कमरेएवढाच वाटत होता. मागची मोठी चाकं पत्र्याच्या घेरात पार झाकलेली, म्हणजे फांदी चाकात अडकू नये. वर निघणारं धुराड्याचं नळकांडं गायब; ते पोटाखालून मागं नेऊन जमिनीशी सोडलेलं. स्टेअरिंगचा दांडा खाली कलवलेला. दिवे काढून टाकलेले. वर हात फिरवला तर फांदीला अडेल असा एक खिळासुद्धा लागेना.

“हा विलायतीच आहे,” मी जाहीर केलं. “तिकडच्या कंपन्या फळबागांसाठी असे बुटके ट्रॅक्टर मुद्दाम काढायच्या. त्यातला हा.”

“असं?” म्हातारा म्हणाला. “आतून पाहा.”

मी चाकाच्या घेराखाली वाकलो. आतल्या बाजूला पत्र्यावर लाल रंगात अक्षर होतं: ‘शुभ’. दुसऱ्या बाजूला जाऊन वाकलो. तिथं ‘लाभ’.

म्हातारा खाटेवर गदगदा हसत होता. “धान्याची कोठी होती आमची. कापली.”

“तुम्ही केलं हे?”

“मी आन् गावातला लोहार. मापं माही, भाता त्याचा.”

मी परत पहिल्यापासून पाहायला लागलो, आता दुसऱ्याच डोळ्यानं. स्टेअरिंगच्या दांड्यात जीपचा सांधा बसवला होता, असा सफाईनं की मला तो बोटानं चाचपून शोधावा लागला. धुराड्याला विहिरीच्या पंपाचा पाइप लावला होता आणि त्याला वाक देताना पाइप कुठंही चेपला नव्हता. वाळू भरून, तापवून वाकवला असणार. पुस्तक न पाहता, दुसरा असा ट्रॅक्टर कधी न पाहता या माणसानं मळ्यात बसून तेच केलं होतं जे विलायतेच्या कारखान्यानं केलं. मी त्यांना म्हटलंसुद्धा, “काकाजी, तुमचे हात धरून ठेवावेसे वाटतात.”

“माहं कौतुक राहू द्या भाऊ,” ते चिडून म्हणाले. “भाग पाहा. सीट पाहा.”

सीट खाली आणली होती, हे तर दिसतच होतं. पण पुढंही सरकवली होती, चांगली वीतभर. क्लच आणि ब्रेकच्या पायट्यांवर बाभळीचे ठोकळे बसवले होते, वरून लोखंडी पट्टी मारून.

“हे ठोकळे चिखलात पाय घसरू नये म्हणून,” मी म्हटलं.

शेषराव उठले, आणि ट्रॅक्टरवर जाऊन बसले. सहा फुटी माणूस. दोन्ही गुडघे स्टेअरिंगवर आदळले. पाय पायटीवर ठेवला तर गुडघा छातीशी आला. अगदी गंभीर चेहरा करून ते तसे बसून राहिले आणि माझ्याकडं बघत राहिले.

“तुम्ही असे बसून चालवायचे?” मी विचारलं.

“मले शपथ हाय,” ते म्हणाले.

“कोणाची?”

“थेबी सांगायची नाई.”

टोपलीपाशी गुंफाबाईचा हात थांबला होता. “उतरा भाऊजी,” ती म्हणाली. “पडसान त्याच्यावरून. या वयात हे काय चाळे लावले?”

आता शपथेचं काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. लहानपणी आपण सगळ्यांनी हे केलेलं असतं. ‘माझ्या गळ्याची शपथ’ असं कोणी घातलं की तोंड बंद. आपण बोललो तर तिकडं त्या माणसाचं बरंवाईट होतं. ज्यानं शपथ घातली त्यानंच ‘सुटली’ म्हणावं लागतं, तोपर्यंत सुटका नाही. आपण मोठे होतो आणि विसरतो. शेषराव विसरले नव्हते.

ते उतरले, माझ्या जवळ आले आणि हळूच म्हणाले, “मले शपथ हाय. ट्रॅक्टरले नाई.”

मला तेव्हाही उमगलं नाही, बरं का. मी आपला भागच मोजत होतो. उरले होते दोन. सीटच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या घेराच्या आतल्या अंगाला, बारीक तारेची जाळी बसवली होती, पायापासून कमरेपर्यंत. आणि सीटच्या मागं, फवारणीचा पंप फिरवणारा जो दांडा असतो, त्याच्यावर पत्र्याचा एक लांबट डबा पालथा घातला होता.

“जाळी फांद्यांसाठी,” मी म्हटलं. “डबा धुळीसाठी. झालं, सगळे भाग ओळखले.”

“फांदी कुठून येते भाऊ? बाहेरून का आतून?”

“बाहेरून.”

“मंग जाळी आतून काऊन?”

मी जाळीला आतून हात लावून पाहिला.

“आन् धूळ लागली तं त्या दांड्याले काय होते?”

काहीच होत नाही. उघडाच फिरतो तो सगळ्या ट्रॅक्टरांवर. मला ते ठाऊक होतं आणि म्हणूनच माझं डोकं तापलं. इतकी वर्षं धंद्यात काढली, आणि एका मळ्यातली जाळी मला चकवते!

“काकाजी, कोडी घालायची असतील तर दुसऱ्या कोणाला बोलवा,” मी म्हटलं. “मी लिहून देतो, ट्रॅक्टर इथंच बदलला, शेषराव यावल्यांनी बदलला. हे काय कमी आहे? पाटी राहू द्या आहे तशी.”

“नका लिहू भाऊ,” म्हातारा म्हणाला. आवाज एकदम बसला होता. “नका लिहू तसं.”

मी तरातरा मोटारसायकलकडं गेलो. रस्त्याकडून लॉरीचा हॉर्न ऐकू आला. ती फाटकाच्या थोडं पुढं, उंच बांधाशी येऊन थांबली होती. पाटी नीट बांधावी म्हणून मी मागच्या चाकाजवळ वाकलो. सुतळी जाळीत अडकली होती. ती सोडवायला मी बोट घातलं आणि तसाच राहिलो.

मोटारसायकलच्या मागच्या चाकाला जाळी असते ना? कशासाठी असते? फांदीसाठी नसते, धुळीसाठी नसते. माझी बायको मागं बसते, तिच्या साडीचा घोळ चाकात जाऊ नये म्हणून असते. रोज हातानं पुसायचो मी ती जाळी.

मी मागं वळून पाहिलं. ट्रॅक्टरची जाळी आतून होती, कारण जे अडवायचं होतं ते आत होतं, सीटवर. फिरत्या दांड्यावर डबा होता, कारण फवारणी करताना मागं वळून बघावं लागतं, आणि मागं वळलं की पदर सुटतो. बाभळीचे ठोकळे होते, कारण पाय पोचत नव्हते. सीट पुढं होती, कारण हात पोचत नव्हते. आणि ते खाली वळवलेलं धुराडं, ते काढलेले दिवे! झाडांच्या वर काही म्हणजे काही दिसू नये, धूरसुद्धा. गावातून ट्रॅक्टरचा आवाज ऐकू येणार, पण सीटवर कोण आहे ते बांधावरून दिसणार नाही.

मी चालत परत आलो. शेषरावांकडं गेलोच नाही. टोपलीसमोर जाऊन बसलो.

“काकू,” मी म्हटलं, “ट्रॅक्टर तुम्ही चालवायच्या.”

तिनं संत्रं खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं नाही, दिराकडं बघितलं. “भाऊजी, बोलले तुमी?”

“तुमच्या गळ्याची शपथ वहिनी, एक शब्द नाई.”

“ते नाही बोलले,” मी म्हटलं. “जाळी बोलली. लुगड्यासाठी आहे ना ती?”

गुंफाबाई मग तोंडाला पदर लावून हसली. “पयल्या खेपेले अर्धं लुगडं त्या दांड्यानं ओढून नेलं, बाप्पा! जीव वाचला म्हना. मंग याईनं डबा केला.”

“मग लपवलं कशासाठी?”

“तुमी शहरातले,” ती म्हणाली, आता हसू गेलं होतं. “नवरा जाऊन वर्ष नाई झालं अशी बाई, दोन्हीकडं पाय टाकून ट्रॅक्टरवर बसते, दिवसभर दिरासंग बागेत असते. लोकाईनं काय म्हनलं असतं? लेक उजवायची होती मले. जावेनंबी शपथ घेतली, ती तशीच वर गेली बिचारी. लोक म्हनत शेषराव चालवते, तं म्हनू द्या म्हनलं. आता लेक नांदते, नातू झाले. मले कायले पायजे नाव? भाऊजींचं हाय तेच राहू द्या. त्याईले तेवढंच बरं वाटते.”

“मले?” शेषराव उभे राहिले. “मले बरं वाटते?”

“नाई वाटत?”

“वहिनी, लोक माहं कौतुक करते तं मी मान खाली घालून आयकतो. सत्कार केला मागच्या साली, शाल देली. घरी येऊन मी जेवलो नाई, तुमी पुसलं काय झालं. काय सांगू? चोरी केल्यावानी वाटते मले. ट्रॅक्टर दिसला का वाटते.”

ती त्यांच्याकडं बघत राहिली. इतकी वर्षं एका घरात राहून, एकाच चुलीवरचं खाऊन, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं ते लपवलंही नाही.

“अवं माय,” ती म्हणाली. “मले वाटलं, तुमाले मान भेटते, तं मी काऊन मोडू?” मग तिनं पदर सावरला, अंगणात देवापुढं उभं राहावं तशी सरळ उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, “सुटली. भाऊजी, शपथ सुटली.”

आणि काय सांगू तुम्हाला, तो म्हातारा बोलायला लागला! धरण फुटल्यासारखा. माझा दंड धरून, मला ट्रॅक्टरभोवती फिरवत, एकेक भाग दाखवत. “मी बसलो का झाड गेलंच समजा. दोन ओळी मोडल्या मी, दादानं पोटच्या लेकरावानी वाढवलेली झाडं. मी तिथंच डोकं धरून बसलो. तं वहिनी म्हने, सरका. बसली. पाय पोचेना, टोकावर बसून दाबला क्लच. आन् भाऊ, ओळीतून गेली, वळली, परत आली, पान नाई पडलं! एक पान! मी म्हनलं, वहिनी, आता तुमी चालवा, मी याले तुमच्या मापाचा करतो. सारं तिच्या मापाचं हाय. बाजूच्या मळ्यातलं कोनी आलं का ती उतरून झाडामागं, मी गुडघे कानाले लावून वर! हसू दाबून दाबून माही बायको आडवी व्हायची तिकडं.”

“फवारा मारताना तिसऱ्या गिअरवर न्यायचा नाई,” गुंफाबाई मधेच म्हणाली. “अटकते थो. तळव्यानं ढकलावं लागते.”

“पाहा! पाहा!” शेषराव ओरडले. “मले आजबी जमत नाई थे!”

मी तिच्याकडं बघत होतो. ज्या बाईनं ट्रॅक्टर शिकायला कोणी नसताना, कोणी पाहू नये या धाकात, लुगडं सांभाळत, फांद्यांखालून मान वाकवून एवढी बाग जगवली, ती समोर संत्र्यांची टोपली उचलत होती आणि म्हणत होती, भाऊ, जाताना चार घेऊन जा. मी आयुष्यात शेकडो ट्रॅक्टर ओळखले, त्या दिवशी पहिल्यांदा एका ट्रॅक्टरच्या पाया पडावंसं वाटलं. ट्रॅक्टरच्या नाही पडलो. तिच्या पडलो, मग शेषरावांच्या.

पाटी मी तिथंच उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर खिशातल्या खडूनं लिहिलं, प्राध्यापकांना समजावं म्हणून. ‘चालवणाऱ्या गुंफाबाई यावले. त्यांच्या मापानं घडवणारे शेषराव यावले.’ पुढं तशीच रंगवली त्यांनी. जाळीखाली वेगळी चिठ्ठीसुद्धा लावली आहे, आणि बायका तिथंच जास्त वेळ थांबतात, असं तिथला शिपाई मला सांगतो.

पण त्या दुपारी अजून ट्रॅक्टर मळ्यातच होता. लॉरीचा ड्रायव्हर दोराची वेटोळी खांद्यावर टाकून आत आला. “ओढून न्यायचा ना?”

“ओढून कायले?” शेषराव म्हणाले. “दर आठवड्याले सुरू करतो मी. चालत जाईन थो.” आणि त्यांनी वहिनीकडं पाहिलं.

“अवं नाई नाई,” ती म्हणाली. “रस्त्यावर लोक हाय.”

“म्हनूनच,” शेषराव म्हणाले.

तिनं मग कासोटा चाचपला, पदर कमरेला खोचला आणि चढली. आणि सगळे भाग जागेवर आले. पाय ठोकळ्यांवर बरोबर टेकले, हात स्टेअरिंगवर बरोबर पडले, लुगड्याचा घोळ जाळीला लागून अलगद बसला. शेषरावांनी हँडल मारला. इंजिन धडधडलं. तिनं कान देऊन ऐकलं, तापल्यावर पेट्रोलवरून रॉकेलवर घेतलं, तळव्यानं गिअर ढकलला आणि निघाली. बागेच्या मधल्या ओळीतून. फांद्या तिच्या डोक्यावरून सरकत होत्या आणि ती ज्या त्या फांदीपाशी मान वाकवत होती, न बघता. आम्ही तिघं मागून पळत होतो. मी खाली बघत पळत होतो. पान पडलं नाही.

फाटकापाशी ट्रॅक्टर थांबला. पलीकडं डांबरी रस्ता, थोडं पुढं लॉरी, आणि आवाज ऐकून जमलेले गावातले पाच-सात लोक, तोंडं उघडी टाकून. गुंफाबाईनं क्लच दाबून धरला आणि माझ्याकडं वाकली.

“भाऊ,” तिनं हळूच विचारलं, “रस्त्यावर कोन्या बाजूनं चालवा लागते? मी कधी फाटकाभाइर नेलाच नाई.”

मी नुसता डावा हात वर केला.

“डाव्या अंगानं,” ती स्वतःशीच म्हणाली. “आन् समोरून कोनी आलं तं?”

“तं त्यानं सरकावं बाजूले!” शेषराव मागून ओरडले.